कासव, लंबक आणि संगणक : गणित-विज्ञानाच्या शिक्षणाविषयी थोडा विचार

आपल्या न्यासाच्या महोत्सवी वर्षाची आठवण म्हणून शाळेला काहीतरी कायमचे द्यावे, असे बोलणे सभासदांत सुरू झाल्यापासून एक सूचना वारंवार पुढे येत आहे, ती संगणकांची. दहा-बारा संगणक घ्यावेत, भिंतीवर एक मोठा पडदा बसवावा, म्हणजे मुलांचे गणित आणि विज्ञान सुधारेल, असा तिचा आशय आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. आम्हीही संगणकाच्या विरोधात नाही. उलट, खडू आणि फळा यांना न साधणाऱ्या काही गोष्टी तो फार सुंदर रीतीने करून दाखवितो, आणि त्यांतील तीन-चार आम्ही पुढे सांगणारच आहोत. परंतु पैसा न्यासाचा आहे, थेंबे थेंबे साठलेला आहे. तो खर्च करण्यापूर्वी 'संगणक आला म्हणजे गणित येते काय?' हा प्रश्न आपण सर्वांनी एकदा नीट विचारावा, एवढ्यासाठी हा लेख.

प्रथम आपल्याकडील मुलाची अडचण पाहू. वासोण्याला किंवा त्यापुढे खानवेलच्या बाजूला राहणारे मूल घरी वारली बोलते, नाहीतर कोकणा किंवा धोडिया. शाळेत त्याला पुस्तकी मराठी किंवा गुजराती भेटते, सिल्वासाच्या बाजारात हिंदी भेटते, आणि संगणकाचे बटण दाबले की समोर इंग्रजी उभी राहते. त्यात गणिताची भाषा ही आणखी एक निराळीच भाषा. 'अंश' हा साधा शब्द घ्या. अपूर्णांकात छेदाच्या डोक्यावर बसतो तो अंश, आणि कोन मोजावयाचा तोही अंशांत. मोठ्यांना यात काही अवघड वाटत नाही. पण पाचवीतील मुलाला काल शिकलेला अंश आज कोनमापकावर दिसला म्हणजे ते गोंधळते, आणि गोंधळले तरी विचारीत नाही. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात, ज्याची स्थापना १९७४ साली झाली, डॉ. वि. गो. कुळकर्णी आणि त्यांचे सहकारी यांनी साध्या शाळांतील मुलांबरोबर काम करून हीच गोष्ट मांडली होती, की पुष्कळदा मुलाला विज्ञान अडत नाही, विज्ञानाच्या पुस्तकाची भाषा अडते.

ही अडचण साठत साठत जाते. चौथीत भागाकार कच्चा राहतो, सहावीत अपूर्णांक डोक्यावरून जातात, आठवीत बीजगणित आले की मूल वर्गात केवळ शरीराने बसलेले असते. नववीत ते शाळाच सोडते आणि एखाद्या कारखान्यात कंत्राटी कामावर लागते. २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा पोर्तुगिजांच्या हातून सुटले. त्यानंतर दोन-तीन पिढ्या शाळेत गेल्या. तरीही गणितापाशी गळणारी मुले आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत आहेत. तेव्हा संगणक शोभेसाठी घ्यावयाचा की या मुलांसाठी, हे आधी ठरले पाहिजे.

या प्रश्नाचा चांगला अभ्यास आपल्यापासून फार दूर नव्हे, बडोद्यास झालेला आहे. आपल्या मराठी मंडळींना बडोदे परके नाही. सन २००० मध्ये गुजरात सरकारने तेथील बहुतेक नगरपालिका प्राथमिक शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले. दोन वर्षांनी पाहणी झाली तेव्हा लहान इयत्तांतील मुलांनी ते क्वचितच वापरल्याचे आढळले. मग मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेने एक योजना आखली. चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास संगणकावर गणिताचे खेळ द्यावयाचे. एका संगणकापुढे दोन मुले. खेळ सोप्यापासून अवघडाकडे जाणारे. आणि बाजूला त्याच वस्तीतील, थोडे प्रशिक्षण दिलेला एक माणूस. काही शाळांना हे पहिल्या वर्षी मिळाले, काहींना मिळाले नाही, त्यामुळे तुलना करता आली. अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो, ज्यांना पुढे २०१९ साली नोबेल पारितोषिक मिळाले, यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ही तुलना २००७ मध्ये प्रसिद्ध केली.

निष्कर्ष आम्ही आपल्या घरगुती मापाने सांगतो. शंभर मुले गणिताच्या गुणांप्रमाणे रांगेत उभी केली आणि मधले, पन्नासाव्या क्रमांकाचे मूल घेतले, तर पहिल्या वर्षी या खेळांमुळे ते सुमारे ३६व्या क्रमांकावर चढले असते आणि दुसऱ्या वर्षी सुमारे ३२व्या. दोन तासांच्या खेळाने एवढी मजल म्हणजे थोडीथोडकी नव्हे. पण त्याच अभ्यासात पुढचे एक पानही आहे, आणि ते सहसा कोणी वाचून दाखवीत नाही. योजना संपून एक वर्ष गेल्यावर पुन्हा परीक्षा घेतली तेव्हा तेच मूल ४६व्या क्रमांकाच्या आसपास परत आले होते. म्हणजे लाभ झाला, पण सराव थांबताच बराचसा विरघळला.

याच अभ्यासात एक दुसरी योजनाही तपासली होती, आणि न्यासाच्या दृष्टीने तीच आम्हांला अधिक विचार करण्यासारखी वाटते. तिचे नाव 'बालसखी'. वस्तीतीलच एक शिकलेली तरुण मुलगी, रोज दोन तास, मागे पडलेली पंधरा-वीस मुले बाजूला घेऊन त्यांना अक्षरओळख आणि अंकगणित पहिल्यापासून शिकवी. संगणक नाही, पडदा नाही. मुंबई आणि बडोदे या दोन्ही ठिकाणी ती चालली. दुसऱ्या वर्षी आपले मधले मूल तिच्यामुळे सुमारे ३९व्या क्रमांकावर चढले असते. संगणकाएवढे नाही, हे खरे. पण खर्च पाहा. त्या काळच्या हिशोबाने संगणकाच्या योजनेला मुलामागे वर्षाला ७२२ रुपये पडले आणि बालसखीला १०७ रुपये. आपल्यातील व्यापारी मंडळींना यावर अधिक काही सांगावयास नको.

गुजरातेतच 'ग्यान शाला' या संस्थेच्या शाळांत ली लिंडन नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने केलेली एक तपासणी २००८ साली पुढे आली. तीत एकच संगणकीय कार्यक्रम दोन प्रकारे दिला होता. काही मुलांना शाळा सुटल्यावर, म्हणजे शिकवण्याच्या जोडीला. आणि काहींना शाळेच्या वेळात, म्हणजे शिक्षिकेच्या तासाच्या ऐवजी. पहिली मुले पुढे गेली, त्यांतही मागे पडलेली मुले अधिक. दुसरी मुले मात्र चक्क मागे गेली. आपल्या रांगेच्या हिशोबात पन्नासावरून सुमारे ७२व्या क्रमांकावर! यंत्र तेच, खेळ तेच, मुले सारखीच. फरक एवढाच, की एके ठिकाणी ते शिक्षिकेच्या शेजारी बसले आणि दुसऱ्या ठिकाणी तिच्या खुर्चीवर.

मुलागणिक एक संगणक देण्याचा प्रयोगही झाला आहे. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळ खैरात नावाची एक लहान वाडी आहे. तेथील एकशिक्षकी शाळेतील विसेक मुलांना २००७ साली अमेरिकेतून निघालेल्या 'दर मुलास एक संगणक' या चळवळीतून हिरवे-पांढरे छोटे संगणक मिळाले. उन्हात बसूनही त्यांचा पडदा वाचता येई. मुलांना ते फार आवडले, आणि का आवडू नयेत? परंतु हीच योजना पेरू देशात मोठ्या प्रमाणावर चालली तेव्हा ३१९ शाळांची तपासणी झाली आणि २०१२ साली तिचा निष्कर्ष आला, की मुलांची सर्वसाधारण तर्कबुद्धी काहीशी तरतरीत झाली, पण गणितात आणि भाषेत फरक आढळला नाही. यंत्रे होती, पण त्यांवर गणित कोणते आणि कसे करावयाचे, हे कोणी बसवून दिले नव्हते.

आम्ही एका शाळेत गेलो होतो. संगणकांची खोली दाखवा म्हटल्यावर किल्ली शोधण्यात पाऊण तास गेला. खोली उघडली तेव्हा प्रत्येक यंत्रावर भरतकाम केलेले सुरेख आच्छादन होते आणि दारावर दात्यांच्या नावाची पितळी पाटी. आच्छादनांना एक सुरकुती नव्हती. पाटी मात्र रोज पुसली जात असावी.

आता खरा विषय घेऊ. संगणक शिक्षकाच्या शेजारी बसवावयाचा, म्हणजे प्रत्यक्षात काय करावयाचे? याचे उत्तर तत्त्वाने देण्यापेक्षा धड्यांनी द्यावे.

पहिला धडा कासवाचा. १९६७ साली अमेरिकेत सीमोर पॅपर्ट, सिंथिया सॉलोमन आणि वॉली फोयरझाइग यांनी मुलांसाठी 'लोगो' नावाची संगणकभाषा तयार केली. पॅपर्ट त्यापूर्वी जिनीव्हास बालमानसशास्त्रज्ञ पियाजे यांच्याबरोबर काम करून आले होते; मूल करता करता शिकते, यावर त्यांची श्रद्धा होती. लोगोमध्ये पडद्यावर एक कासव असते. 'पुढे १००' म्हटले की ते शंभर पावले जाते आणि मागे रेघ सोडते. 'उजवीकडे ९०' म्हटले की जागच्या जागी तेवढे वळते. बस्स, एवढेच त्याला कळते. खैरातच्या मुलांच्या संगणकांतही या कासवाचा एक वंशज होता.

हा धडा संगणकापुढे सुरू करू नये, अंगणात करावा. एका मुलाला कासव करावे, दुसऱ्यांनी त्याला आज्ञा द्याव्यात. चौकोन कोणीही चालवून दाखविते. मग समभुज त्रिकोण सांगावा. पुस्तकात त्रिकोणाचा कोन ६० अंश दिलेला आहे, म्हणून मुले हटकून म्हणतात, 'पुढे दहा पावले, उजवीकडे ६०', आणि हे तीनदा. कासव झालेले मूल चालते आणि तीन बाजू झाल्या तरी आपल्या जागी परत येत नाही. उलट भलतीकडेच जाऊन उभे राहते. सगळे हसतात. येथे शिक्षकाने उत्तर सांगितले तर धडा बुडाला. आज्ञा आणखी तीनदा चालवावयास सांगावी. सहा बाजू झाल्या की मूल बरोबर आरंभी येते, आणि अंगणात सुबक षट्कोन उमटलेला असतो.

मग प्रश्न विचारावा : चालणारा माणूस कोपऱ्यावर किती वळतो? तो त्रिकोणाच्या आतल्या कोनाएवढा वळत नाही. सरळ जाण्याची दिशा सोडून तो जेवढा फिरतो तेवढा, म्हणजे १८० उणे ६०, १२० अंश वळतो. त्रिकोणात असे तीन वेळा वळले म्हणजे ३६० झाले. षट्कोनात ६० प्रमाणे सहा वेळा, पुन्हा ३६०. चौकोनात ९० प्रमाणे चार वेळा, तेही ३६०. घराला एक फेरी घालून मूळ दिशेस तोंड करून उभे राहिलो तर आपण पुरे एक वर्तुळ फिरलेलो असतो, घर कितीही कोपऱ्यांचे असो. 'बहुभुजाच्या बाह्यकोनांची बेरीज ३६० अंश' हे प्रमेय फळ्यावर लिहून पाठ करून घेता येते. पण ज्या मुलाने ते पायांनी चालून पाहिले ते विसरत नाही.

यानंतर संगणकापुढे जावे, आणि त्यास आपलेच काहीतरी काढावयास द्यावे. वारली चित्रांतील माणूस आमच्या मुलांनी भिंतीवर लहानपणापासून पाहिलेला असतो : दोन त्रिकोण, कमरेच्या ठिकाणी टोकाला टोक लावलेले. कासवाला कमरेपाशी उभे करावे, एक त्रिकोण काढून घ्यावा, त्याला मूळ दिशेला आणून १८० अंश वळवावे आणि तीच आज्ञा पुन्हा द्यावी. माणूस उभा राहतो. मग 'पुढे १, उजवीकडे १' ही आज्ञा ३६० वेळा चालवावी. डोळ्यांना ते वर्तुळच दिसते. त्याचा घेर ३६० पावले आहे, हे मुलांना ठाऊकच असते. व्यास मोजावयास सांगावा, तो सुमारे ११५ पावले भरतो. भागाकार केला की तीनच्या थोडे वर उत्तर येते, आणि पाय या चिन्हाची ओळख अशी आपोआप होते. वळणे तेच ठेवून दर खेपेस पाऊल थोडे थोडे वाढवीत गेले, तर वर्तुळ मिटत नाही, बाहेर बाहेर उलगडत जाते. तारप्याच्या नाचाचे चित्र ज्यांनी पाहिले आहे त्यांना ती नागमोड ओळखू येईल. नाचणाऱ्यांना यातले गणित सांगावयास जाऊ नये. ते आपल्या मुलांना सांगावे.

दुसरा धडा लंबकाचा, हा विज्ञानाचा. सुतळी, दगड आणि सेकंद दाखविणारे घड्याळ एवढे पुरते. आरंभी प्रत्येक मुलाकडून अंदाज लिहून घ्यावा : दगड जड केला तर झोका लवकर होईल की उशिरा? बहुतेकांचा अंदाज 'लवकर' असा असतो. करून पाहिल्यावर कळते, की वजनाने काही फरक पडत नाही, लांबीने पडतो. आधार-बिंदूपासून दगडाच्या मध्यापर्यंत २५, ५०, ७५ आणि १०० सेंटीमीटर लांबी घेऊन दहा-दहा झोके मोजावेत, झोका फार मोठा देऊ नये. उत्तरे अनुक्रमे सुमारे १०, १४.२, १७.४ आणि २०.१ सेकंद यावयास हवीत. लांबी चौपट झाली, वेळ मात्र दुप्पटच झाली, हे पाहून हुशार मुले थबकतात.

येथपर्यंत संगणकाची गरज नाही. ती आता लागते. वर्गातील दहा गटांचे चाळीस आकडे झाले. ते संगणकाच्या तक्त्यात भरून आलेख काढला की एक वाकडी रेघ दिसते; आणि लांबीसमोर वेळेऐवजी वेळेचा वर्ग मांडला की तीच रेघ सरळ होते. हाताने चाळीस वर्ग करून चौकटीच्या कागदावर बिंदू मांडता मांडता तास संपला असता आणि मुद्दा राहून गेला असता. आणखी एक गंमत अशी, की कोणा एका गटाचा बिंदू सरळ रेषेच्या खाली पडलेला दिसतो. ५० सेंटीमीटरला १२.८ सेकंद! मुलांनाच विचारावे, काय झाले असेल? त्यांतले एखादे हळूच कबूल करते, की दगड सोडतानाच 'एक' म्हटले होते, म्हणजे झोके दहा नव्हे, नऊच झाले. दगड सोडताना 'शून्य' म्हणावयाचे, हे त्या दिवसापासून वर्गाला कायमचे कळते. चूक कोणाची हे शिक्षकाने शोधले असते तर शिक्षा झाली असती. आलेखाने शोधली म्हणून विज्ञान झाले.

तिसरा धडा भूमितीचा, थोडक्यात सांगतो. ऑस्ट्रियात साल्झबुर्ग येथे मार्कुस होहेनवार्टर यांनी २००१ साली 'जिओजेब्रा' हा कार्यक्रम सुरू केला. तो शाळेला फुकट मिळतो. त्यात कोणताही वेडावाकडा चौकोन काढावा, चारही बाजूंचे मध्यबिंदू जोडावेत. आत समांतरभुज चौकोन तयार होतो. आता बाहेरच्या चौकोनाचे एक टोक बोटाने ओढीत जावे. बाहेरचा चौकोन कसाही लोळला तरी आतला आपला समांतरपणा सोडीत नाही. फ्रान्सच्या व्हारिन्यों या गणितज्ञाची ही शोधगोष्ट १७३१ साली छापली गेली. मुलांना ती जादू वाटते. पण येथे सावध राहिले पाहिजे. पडद्यावर हजार चौकोन पाहिले म्हणजे सिद्धता झाली, असे नव्हे. 'नेहमीच असे का होते?' हे विचारून संगणक बंद करावा आणि वहीवर एक कर्ण काढावा. त्रिकोणाच्या दोन बाजूंचे मध्यबिंदू जोडणारी रेषा तिसऱ्या बाजूला समांतर आणि तिच्या निम्मी असते, हे मुलांना नववीत येतेच. कर्णाच्या दोन्ही बाजूंच्या त्रिकोणांना ते लावले की काम झाले. संगणकाने प्रश्न विचारावयाची इच्छा निर्माण केली, उत्तर पेन्सिलीने दिले. ही वाटणी आम्हांला योग्य वाटते.

विजेच्या मंडलाबाबत मात्र क्रम चुकण्याचा फार संभव असतो, म्हणून दोन शब्द. नोबेल पारितोषिक मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' नावाचा उपक्रम चालू केला. त्यातील प्रतिकृती फुकट आहेत, आंतरजालाशिवाय चालवून घेता येतात आणि पुष्कळशा मराठीतही आहेत. घट, तारा आणि दिवा जोडला की तारेतून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. दिव्यात वीज 'खर्च' होते आणि पलीकडे कमी उरते, अशी मुलांची आणि आमच्यातील कित्येक मोठ्यांचीही समजूत असते. दिव्याच्या अलीकडे आणि पलीकडे इलेक्ट्रॉनांची रांग सारख्याच वेगाने चाललेली दिसली की ती डळमळते; जे खर्च होते ती ऊर्जा, प्रवाह नव्हे. हे खऱ्या तारेत कोणालाच दाखविता आले नसते. परंतु पडद्यावरचा दिवा दर वेळी लागतो. त्याची तार सैल होत नाही, त्याचा घट उतरत नाही. म्हणून आधी खरा घट आणि खरा दिवा घेऊन मुलांनी झटावे, तो न लागल्याने चिडावे, आणि मग प्रतिकृतीकडे यावे. खऱ्या तारेत इलेक्ट्रॉनांची सरासरी सरक सेकंदाला मिलिमीटरच्या लहानशा अंशाएवढी असते, हेही सांगावे, नाहीतर पडद्यावरचे ठिपके मुलांना खरेच वाटू लागतात. आणि जे बाहेर दिसते त्याचे चित्र आत दाखवू नये. जुलै महिन्यात दाराबाहेर भाताची लावणी चालली असता वर्गात पडद्यावर बीज रुजतानाचे चलच्चित्र दाखविणाऱ्यास आम्ही काय म्हणावे!

असो. न्यासापुढील व्यवहाराचे बोलू. बडोद्यास एका संगणकापुढे दोन मुले बसत होती आणि तेवढ्याने काम झाले. दोघे असली म्हणजे बोलणे होते, आणि ते आपल्या बोलीत होते, हा त्यातला खरा लाभ. आमच्या मते बारा संगणकांऐवजी सहा घ्यावेत. कासव, तक्ते आणि जिओजेब्रा यांना फार बलाढ्य यंत्रे लागत नाहीत. मोठा पडदा तूर्त घेऊच नये. तो शिक्षकाच्या हाती राहतो आणि मुले पुन्हा प्रेक्षक होतात. उरलेल्या रकमेतून गावातीलच, बारावी झालेली आणि वारली बोलणारी एक मुलगी किमान तीन वर्षांसाठी मानधनावर नेमावी. तीन वर्षे म्हणण्याचे कारण बडोद्याचे ते ४६व्या क्रमांकावर परत आलेले मूल. तिने चौथी ते आठवीच्या मागे पडलेल्या मुलांना शाळा सुटल्यावर घ्यावे, शाळेच्या तासाला हात लावू नये. तिला शिकण्यासाठी मुंबईच्या आयआयटीने तयार केलेले मराठीतील बोलके पाठ आहेत, जिओजेब्राचेही आहेत. इयत्तेप्रमाणे नव्हे, ज्याला जेथपर्यंत येते तेथून पुढे शिकवावे. दिल्लीत २०१५ साली 'माइंडस्पार्क' या संगणकीय कार्यक्रमाची तपासणी झाली, तेव्हा सहावीतील सामान्य मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे असल्याचे दिसले. कार्यक्रमाने त्यांना त्यांच्याच पायरीपासून धरले आणि साडेचार महिन्यांत चांगली सुधारणा झाली. हे काम यंत्राने केले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पन्नास मुलांच्या वर्गात एका शिक्षकाला पन्नास पायऱ्या सांभाळणे कठीणच असते.

खोलीची किल्ली त्या मुलीकडे असावी. पावसाळ्यात चार महिने आपल्याकडे दमट हवा असते, त्यामुळे यंत्रे झाकून ठेवण्यापेक्षा रोज चालू केलेली बरी. आणि पाटी लावावयाचीच असेल, तर ती खोलीच्या आत लावावी, म्हणजे ती वाचण्यासाठी तरी कोणी दार उघडेल.

सभासदांच्या मुलांनी सुट्टीत करून पाहावे म्हणून तीन प्रश्न देतो. उत्तरे मुद्दाम दिलेली नाहीत. पहिला : कासवाला 'पुढे १००, उजवीकडे १४४' ही आज्ञा पाच वेळा दिली तर कोणती आकृती होते, आणि ते आरंभी परत येईपर्यंत एकूण किती अंश वळलेले असते? ३६० की आणखी काही? दुसरा : कोणताही चौकोन कागदावर काढून मध्यबिंदू जोडा आणि आतल्या चौकोनाबाहेर राहिलेले चार कोपरे कापून घ्या. हे चार तुकडे आतल्या चौकोनावर बसतात काय? तिसरा प्रश्न मोठ्यांच्या मदतीने करावयाचा आहे. ज्याचा एक झोका पुरता व्हावयास चार सेकंद लागतील असा लंबक हवा आहे. त्याची दोरी किती लांब पाहिजे ते आधी वहीत काढा, आणि मग तेवढ्या उंचीची चिंचेची फांदी आपल्या अंगणात आहे की शेजाऱ्यांच्या, ते शोधा.